कोपर

रुवीच्या मागच्या गल्लीत, लाँड्री आणि सिमकार्डवाल्याच्या मधे
माझं टायपिंग सेंटर. दोन खुर्च्या, एक स्टूल, एक प्रिंटर
आणि अरबी अर्जांचे सतरा नमुने:
पगार थकला, पासपोर्ट हरवला, बायकोला आणायचंय.
अठराव्या तऱ्हेचा अर्ज घेऊन दावरान आला.

बाजूच्या जिन्याखाली तो घड्याळं दुरुस्त करायचा.
डोळ्यावरचं भिंग न काढताच बोलायचा;
वाटायचं, एका डोळ्याने माझ्याकडे बघतोय,
दुसऱ्याने माझ्या आतल्या चक्राकडे.
"लिही, परकार," म्हणाला, "माझा देश माझ्या मागे लागलाय."
कुठला देश?
त्याने रकान्यात आडवी रेघ मारली.

पहिल्या अर्जात होती एक पांढरी गाडी.
पांढरी! या शहरात पांढरी नसलेली गाडी दाखवा.
ठाण्यातला पोरगेला हवालदार हसला, पण वाईट नाही हसला.
पाणी दिलं. शिक्का दिला.

दुसऱ्या अर्जाला फोटो जोडला.
तिकडे त्याच्या बहिणीला बोलावून टेबलावर ठेवलेला.
दावरान चहा पितोय, कागदी कप,
बुडाखाली माझ्याच दुकानातलं लंगडं स्टूल,
आणि उजव्या कडेला अर्धवट कापलं गेलेलं एक कोपर.
दुमडलेली निळी बाही.
हर्णैच्या जेटीवर सातव्या वर्षी आपटलो, त्याचा वण.
मी टाइप केलं:
"छायाचित्रात अन्य एक अनोळखी इसम."
दावरानने वाचलं. भिंग पुसलं.

मग सरकार हललं. हललं हे खरं, खोटं कशाला बोला.
वकिलातीच्या माणसाला खात्यात बोलावलं.
तिथे कॉफी ओततो आमच्या दाभोळचा शौकत मजगावकर,
त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.
साहेब म्हणाले, आमच्या भूमीवर हे चालणार नाही.
पाहुणा म्हणाला, काय बरं चाललंय?
एक फिंजान झाला, दुसरा झाला,
तिसऱ्या वेळी पाहुण्याने रिकामा फिंजान बोटांत हलवला.
म्हणजे पुरे.
साप मेला की नाही कोण जाणे, काठी मात्र शाबूत.
आठवड्याभरात वकिलातीतले दोघं रजेवर गेले,
पुढच्या महिन्यात दोघं रजेवरून आले. चेहरे दुसरे.
पेपरात चार ओळी.
सार्वभौमत्व हा शब्द दोनदा.
दावरान एकदाही नाही.

शेजाऱ्याने आपल्या परसात शिरून
आपल्या भाडेकरूला बडवलं,
तर आपण भांडतो ते परसावरून.
पाठ ज्याची त्याने शेकावी.

हवालदार एकदा साध्या कपड्यांत आला.
वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन.
स्टुलावर बसला, काट्यांकडे बघत म्हणाला,
तुझा व्हिसा आता वाढणार नाही. तुझ्याच सुरक्षेसाठी, असं लिहून येईल.
गुरुवारच्या आत जा.
हे मी बोललो नाही.
दावरानने एक रियाल घेतला.
दीड होत होता.

बुधवारी रात्री मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला म्हटलं,
अजून एक अर्ज करू. फुकट.
त्या अनोळखी इसमाचं नाव घालू.
बाप, गाव, तालुका, सगळं घालू.
त्याने भिंग डोळ्याचं काढलं. पहिल्यांदाच
त्याचे दोन्ही डोळे सारखे दिसले.
"नको," म्हणाला. "तुला इथेच राहायचंय."

आता जिन्याखाली मोबाइलची कव्हरं मिळतात.
कुठल्याशा देशाच्या कुठल्याशा कपाटात
माझं कोपर आहे, टेबलावर टेकलेलं,
त्याला अजून नाव नाही.
बाहेर पंचेचाळीस डिग्री.
मी बाह्या मनगटापर्यंत सोडून बसतो.
गाडी थांबली की मान वर करतो, नंबर वाचतो,
मग स्वतःलाच सांगतो,
पांढरी आहे. सगळ्याच पांढऱ्या असतात.